राव सारांचा उजवा हात

भिंतीवर चढायला लोक पैसे देतात, हे मी पहिल्यांदा गावी फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "वर काय असतं?"

"काही नाही. पत्रा असतो."

"मग?"

"मग खाली येतात."

त्या म्हणाल्या, "पगार वेळेवर देतात ना? मग असू दे."

पगार वेळेवर देत होते. आमचे हे इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागले, म्हणून आम्ही बार्शीकडून चेन्नईला आलो होतो. पोरूरला एक खोली. सकाळी कंपनीची बस ह्यांना घेऊन जायची आणि मी दार लावून आत बसायची. बाहेर कुणी काही बोललं तर मला कळायचं नाही आणि माझं कुणाला. नववीत शाळा सुटलेली, इंग्रजी अक्षरं ओळखू यायची एवढंच. अशा बाईला गिंडीजवळ चढायच्या भिंती उभारलेल्या त्या गोदामात काम मिळालं ते एकाच कारणानं. तिथं चढायला येणाऱ्या बायकांच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टे आवळावे लागायचे, आणि ते सेंदिलनं आवळलेले त्यांना चालायचे नाहीत. सेंदिल तिथं शिकवायचा. स्वभावानं गरीब, पण पुरुष. मालक मुरली सारांना बाई हवी होती आणि मी बाई होते.

दुसरं काम बुटांचं. चढायचे बूट वेगळे असतात, बोटं मुडपून घालायचे, घट्ट. ते द्यायचे, परत घ्यायचे, आत पावडर टाकून पंख्याखाली वाळत ठेवायचे. चेन्नईच्या घामात ते कधी पुरते वाळले नाहीत. बायका पायातली मेट्टी, म्हणजे आपली जोडवी, काढायला तयार नसायच्या. जोडव्यावर बूट घातला की बोट सोलून निघतं. मग मी कापसाची पट्टी गुंडाळून त्यावर चिकटपट्टी लावायची. माझ्या स्वतःच्या पायात जोडवी होती, त्यामुळे मी कुणाला काढा म्हणून सांगितलं नाही.

माझा स्वभाव भित्रा. एकदा आवळलेला पट्टा मी परत आवळून बघायची आणि बाई भिंतीकडे निघाली की मागून जाऊन पुन्हा बघायची. सेंदिल हसायचा. मुरली सार एकदा म्हणाले होते, "कस्टमरला वाटेल की आपल्याच पट्ट्यावर आपला भरवसा नाही." तेव्हापासून मी चोरून बघायची.

अशीच एका रविवारी एका पट्ट्याच्या बकलाशी झटत होते. बकल बसेना. मी पुटपुटले, "बस की मेल्या, किती छळशील."

मागून आवाज आला, "तें उलटं घातलंय की."

मी वळले. पांढरा फुल शर्ट, करडी पँट, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ, उंच, सडपातळ म्हातारा माणूस. बरोबर दहाएक वर्षांची नात, दोन वेण्या घातलेली.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"आम्हीं तंजावरचे."

माझ्या डोक्यात काही शिरेना. "मग इकडे कधी आलात?"

त्यांनी खरोखर विचार केला. "तीनशें वर्षं झालीं असतील मा. तूं?"

"मी गेल्या पाडव्याला."

"मग अजून नवीन आहेस," ते म्हणाले, आणि बकल सुलटं करून माझ्या हातात दिलं.

हे पांडुरंग राव. गोदामात सगळे त्यांना राव सार म्हणायचे. मी अप्पा म्हणायला लागले, कारण आमच्याकडे वडीलधाऱ्याला अप्पा म्हणतात आणि त्यांच्याकडेही. तमिळमध्ये अप्पा म्हणजे थेट बापच. ते मला सुनंदा मा म्हणायचे.

नातीचं नाव नीला. वाढदिवसाची भेट म्हणून राव सारांच्या मुलानं लेकीचे भिंतीवर चढायचे पैसे भरले होते. हा मुलगा, मोहन, शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. दोघांना दारात सोडून तो परत गेला होता. राव सारांनी सेंदिलला विचारलं, "हिची दोरी कोण धरणार?"

"मी, सार."

"आणि रांगेतल्या त्या तिघांची?"

"मीच. एकेकाची पाळी."

"मग ही पाळी येईपर्यंत बसणार. मला शिकव."

दोरी धरणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. चढणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधतात. ती वरच्या लोखंडी नळीवरून फिरून खाली येते आणि खाली उभ्या माणसाच्या कमरेला अडकवलेल्या कडीतून जाते. वरचा चढेल तशी खालच्यानं ढिली दोरी ओढून घ्यायची. वरच्याचा हात सुटला तर दोरी आवळायची, की तो जागच्या जागी लटकतो. खालच्याचा उजवा हात दोरीवरून सुटायचा नाही. शिंक येवो, फोन वाजो, डास चावो. चेन्नईत डास चावतोच.

आणि नजर वर. गंमत अशी की पैसे देऊन येणाऱ्या प्रत्येकाला चढायचं असायचं, धरायला कुणालाच नको असायचं. मित्राला धरता धरता पोरं गप्पा मारायची, पोरींकडे बघायची. वरचा ओरडायचा, "डेय, बघ इकडे." राव सार तसे नव्हते. ते मान वर करून उभे राहिले की आजूबाजूला आग लागली तरी त्यांना कळली नसती. आयुष्यभर ते मालगाडीचे गार्ड होते. सगळ्यात शेवटच्या डब्यात एकटे बसून तासन्‌तास पुढच्या वळणावर गाडी नीट वळतेय का ते बघत गेलेले. मी एकदा म्हटलं, "अप्पा, कंटाळा नाही येत?"

"गार्डाला पुढचं कांहीं दिसत नाहीं मा. गेलेलंच दिसतं. हिंगड पुढचं दिसतं."

हिंगड म्हणजे इथं. तिंगड म्हणजे तिथं. अस्की म्हणजे सगळं. त्यांची मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं, मग गावातल्या एखाद्या जुन्या माणसाची आठवण यायची, आणि मग कुणाचीच आठवण येत नाही असं लक्षात यायचं, कारण तसं बोलणारं मी कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांनाही माझी मराठी विचित्र वाटायची. मी "कप्पाळ माझं" म्हटलं की ते दोनदा म्हणून बघायचे. त्यांच्या घरात आता मराठी कुणी बोलत नव्हतं. बायको होती तोवर ती बोलायची. सून तमिळ, मुलगा तमिळमध्ये भांडायचा आणि इंग्रजीत फोन करायचा, नीलाला मराठी समजायची, पण उत्तर तमिळमधून यायचं. "भांडीं घासतांना मींच बोलतों," ते म्हणाले होते. "पातेलं कांहीं उलट बोलत नाहीं."

दर रविवारी ते यायचे. चपला काढून तोंड दाराकडे करून ठेवायचे. मान वर धरून धरून दुखायची म्हणून मानेला बाम चोळून त्यावर पंचा गुंडाळायचे. त्या बामाचा वास पत्र्यापर्यंत जायचा, चढणारी पोरं वरून सांगायची, "राव सार आले." नीलाचं झालं की ते निघून जात नसत. दुसऱ्या कुणाची दोरी धरायचे. बघता बघता असं झालं की लोक मुरली सारांना फोन करून विचारायचे, रविवारी राव सार आहेत ना.

शोळिंगनल्लूरचा एक बालाजी म्हणून इंजिनिअर होता. चांगला भरलेला. अशा माणसाला धरताना धरणाऱ्याच्या मागं वाळूची पिशवी बांधतात, नाहीतर वजनानं धरणाराच उचलला जातो. पिशवी बांधली होती, पण बालाजीला ती पुरली नाही. अर्ध्या भिंतीवर त्याचा हात सुटला. बालाजी खाली, राव सार वर, आणि राव सारांच्या मागोमाग वाळूची पिशवी. दोघं मधोमध समोरासमोर आले आणि तिथं लोंबकळत राहिले. राव सारांचा उजवा हात दोरीवर तसाच. त्यांनी बालाजीकडे बघून तमिळमध्ये सगळे विचारतात तेच विचारलं, "जेवण झालं का पा?"

"झालं, सार."

"दिसतंय," राव सार म्हणाले.

बालाजी त्यानंतर दर रविवारी त्यांच्यासाठी कॉफी आणायचा आणि स्वतः बिनसाखरेची प्यायचा.

पुण्याचा एक पोरगा काही महिने यायचा. हुशार, उंच, भराभर चढणारा. आमचं बोलणं ऐकून एकदा म्हणाला, "काका, तुमचं मराठी म्हणजे एकदम ऐतिहासिक नाटक. आता असं कोण बोलतं?"

मला राग आला. राव सार मात्र शांतपणे म्हणाले, "तूं कोठला पा?"

"पुण्याचा."

"तिंगड अजून कोणी राहतं कां?"

"म्हणजे?"

"आमचे अस्की हिंगड आले की. मागं कोण उरलं म्हणून विचारतों."

पोरगा हसला, आणि बरं वाटलं मला की तो हसला. पुढं तोच त्यांच्यापाशी बसून शब्द विचारायचा.

बोलण्यापेक्षाही त्यांनी मला जास्त हरवलं ते एका डब्यानं. दुपारच्या वेळी ते स्वतः केलेलं काहीतरी आणायचे. एकदा झाकण उघडलं आणि मला आईच्या स्वयंपाकघराचा वास आला. डांगर. उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, वरून हिंगाची फोडणी. ते त्याला डांगर पच्चडी म्हणत होते. मी बोट लावून चाखलं आणि परत बोट घातलं. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि स्वतः नुसता भात खाल्ला. आमच्याकडे कांदा घालतात, त्यांच्यात नसतो, एवढाच तो काय फरक.

जयंती नावाची एक बाई नवऱ्याबरोबर यायची. पायातली मेट्टी मी गुंडाळून द्यायची. तिला चढता यायचं झकास, पण उतरता येत नव्हतं. उतरताना भिंत सोडून द्यायची असते, दोरीवर मागं रेलून बसायचं, की खालचा हळूहळू सोडतो. ती वर गेली की भिंतीला पालीसारखी चिकटायची. नवरा खालून सूचना द्यायचा. "सोड. सोड ना. अगं, काय होतंय? खाली बघू नको, सोड." ती रडायला लागायची, तो आणखी मोठ्यानं सांगायचा. मग सेंदिल दुसऱ्या दोरीनं वर जाऊन तिला घेऊन यायचा आणि ती आठवडाभर लाजेनं काळवंडायची.

एकदा तिची दोरी राव सारांकडे आली. ती वर जाऊन चिकटली. नवऱ्यानं तोंड उघडलं. राव सार वर बघतच त्याला म्हणाले, "तंबी, मला तहान लागली. कोपऱ्यावरून एक इळनीर आणशील?" तंबी म्हणजे धाकटा भाऊ, इळनीर म्हणजे शहाळं. म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? नवरा गेला.

"जयंती," राव सारांनी तमिळमध्ये हाक मारली, "खाली बघ."

सगळे खाली बघू नको म्हणतात. हे म्हणाले, बघ. तिनं खांद्यावरून कसंबसं बघितलं.

"मी दिसतो?"

"दिसता."

"मी काय करतोय?"

"वर बघताय."

"तेच करणार आहे. तू राहा तिथं. मला घाई नाही, घरी कुणी वाट बघत नाही."

आणि ते खरंच उभे राहिले. दोरीला ओढ नाही, शब्द नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी जयंतीनं एक हात सोडला, मग दुसरा, आणि ती मागं रेलली. ती खाली आली तेव्हा नवरा शहाळं घेऊन दारात उभा होता. तिनं ते त्याच्या हातातून घेतलं आणि सगळं स्वतः पिऊन टाकलं.

हे सगळं तीन वर्षं चाललं. मी तमिळ शिकले, बसचे नंबर शिकले, एकटीनं बाजार करायला लागले. नीला तेरा वर्षांची झाली. चढण्यात शाळांच्या स्पर्धेत जाण्याइतकी तयार झाली, वेण्या कापून केस आखूड केले. आणि त्या वर्षी मी पहिल्यांदा अप्पांचा हात पाहिला.

ते बाकावर बसले होते. उजवा हात मांडीवर. अंगठा आणि बोट एकमेकांवर हळूहळू फिरत होते, चिमटीत तंबाखू मळावी तसे. मला वाटलं जप करतायत. पुढच्या रविवारी परत दिसलं. मग कॉफीचा टंबलर त्यांनी डाव्या हातानं धरलेला दिसला. त्यांना कळलं, मी बघतेय ते.

"डॉक्टरला दाखवलं," ते म्हणाले. "गोळ्या आहेत. गाडी थांबली म्हणजे हालतो. चालूं असली म्हणजे नाहीं."

ते खरं होतं. मी मुद्दाम बघितलं. हात रिकामा असला की थरथरायचा; दोरी मुठीत आली की एकदम गप्प. एखाद्या रडक्या मुलाला कडेवर घ्यावं तसा. आठवड्यात तेवढेच दोन तास तो हात त्यांचा असायचा. मी एकटी होते तेव्हा कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं होतं, त्यामुळे मला त्या दोन तासांची किंमत कळत होती. दोरी गेली तर अप्पा कशाला येतील? आणि आले नाहीत तर हाताचं काय होईल? पण भीतीही वाटायची. दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो.

आमच्या गोदामात एक नियम होता, भिंतीवर तमिळ आणि इंग्रजीत रंगवलेला. चढण्याआधी दोघांनी एकमेकांच्या गाठी तपासायच्या. आणि चढणाऱ्याला वाटलं तर त्यानं धरणाऱ्याला 'वेण्डाम' म्हणायचं, म्हणजे नको. कारण द्यायचं नाही, आणि दुसऱ्यानं विचारायचं नाही. नवराबायको, बापलेक, मालक, कुणीही असो.

हळूहळू लोक राव सारांना वेण्डाम म्हणायला लागले. तोंडानं तसं कुणी म्हणेना, तेच वाईट होतं. "सार, आज मी सेंदिलकडून एक नवीन गोष्ट शिकतोय." "सार, तुम्ही दमला असाल, बसा." बालाजी कॉफी आणायचा आणि दुसऱ्या भिंतीकडे जायचा. नियमाप्रमाणे अप्पांनी कुणाला कारण विचारलं नाही. शेवटी त्यांच्याकडे एक नीलाच राहिली.

त्या रविवारी मोहन पहिल्यांदाच आत येऊन बसला. स्पर्धा जवळ आली होती, लेकीचं चढणं बघायला आला असावा. त्यानं बापाचा हात मांडीवर हलताना बघितला. घरी बघत असणारच, पण इथं त्या हातात आपली मुलगी असते हे त्याला त्या क्षणी दिसलं. तो उठून मुरली सारांकडे गेला.

"माझे वडील तिला धरणार नाहीत."

मुरली सार अवघडले. "दोरीवर असताना हात हलत नाही, मोहन. सेंदिलनं बघितलंय."

"आज नाही हलला. उद्या? सार, तुमच्या मुलीला धरू द्याल?"

मोहनचं काही चुकत नव्हतं. तो ओरडतही नव्हता, त्याचा आवाज बसला होता. नीला पायात बूट चढवत होती. तिनं एक पाय तसाच ठेवला.

राव सार उठले. दोरीजवळ जाऊन उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "नियम आहे. चढणारा सांगेल."

"ती लहान आहे, अप्पा. ती तुम्हाला नाही म्हणणार नाही."

"मग तूं तिला ओळखत नाहींस."

हे शेवटचं ते मराठीत म्हणाले. मोहनला कळलं, कारण त्यानं खाली बघितलं.

नीला आली. नेहमीसारखी तिनं आजोबांच्या कमरेची कडी तपासली, पट्टा ओढून बघितला. मग तिनं त्यांचा उजवा हात हातात घेतला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो काढून घेतला नाही. तिनं तो उलटासुलटा करून बघितला, दोरी तपासावी तसा. मी पट्टे हातात धरून उभी होते आणि मला वाटत होतं, हिला नको म्हणता येऊ नये. आणि हो म्हणता येऊ नये, असंही.

ती आजोबांना म्हणाली, "तात्ता, मागून कुणीतरी शेपूट धरू दे."

नवीन माणूस धरायला शिकत असतो तेव्हा त्याच्या मागं दुसरा उभा राहतो आणि दोरीचं खाली लोंबणारं टोक धरतो. पहिल्याचा हात चुकला तर मागचा आवळतो. त्याला आम्ही शेपूट धरणं म्हणायचो. शिकाऊ माणसासाठीच असतं ते. पंधरवड्यात सुटतं. राव सारांनी त्या गोदामात निम्म्या लोकांची शेपटं धरली होती.

त्यांनी मानेचा पंचा सोडला, झटकला, परत गुंडाळला. सेंदिल पुढं झाला. त्यांनी त्याला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"सुनंदा मा, तूं धर."

मी म्हटलं, "मी? अप्पा, सेंदिल आहे की. मला भीती वाटते."

"अस्की जाणतात तें. पट्टा बांधून परत जाऊन बघतेस, चोरून बघतेस. मीं तीन वर्षं बघतोंय." मग ते मोहनकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, "हिला फार भीती वाटते. मला हीच पाहिजे."

आयुष्यात माझ्या भित्रेपणाला कुणी कामाला लावलं नव्हतं. शाळेत त्याच्यापायी मार खाल्ला, सासरी बोलणी खाल्ली, इथं मुरली सारांकडून ऐकून घेतलं. मी पुढं झाले. सेंदिलनं टोक कसं धरायचं ते दाखवलं, उजवा हात असा, डावा असा. मोहन बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. मग बाकावर जाऊन बसला, पण टेकला नाही.

नीला चढली. उतरली. काहीही झालं नाही. मला कळलं तेव्हा माझ्या तळव्यावर दोरीचा पीळ उमटला होता.

त्यानंतर दर रविवारी मी अप्पांच्या मागं उभी राहायची. मला भिंत दिसायची नाही. अप्पांची पाठ दिसायची, घामानं अंगाला चिकटलेला पांढरा शर्ट आणि पंचाच्या वर पिकलेले केस. ते मान न वळवता मराठीत बोलत राहायचे. बायकोचं बोलणं, वळणावर दिसणारं इंजिन, विल्लुपुरमच्या स्टेशनातला एक कुत्रा जो फक्त मालगाडीला भुंकायचा. माझं उत्तर ऐकू गेलं की "होय की" म्हणायचे. मोहन कधी यायचा, कधी नाही. बाकीचे लोक परत अप्पांकडे आले नाहीत. फक्त जयंती एकदा आली, तिनं त्यांची कडी तपासली, माझ्या हातातलं टोक तपासलं, आणि चढली.

मग ह्यांची बदली पुण्याकडे झाली. कंपनीनं चाकणला नवा कारखाना काढला होता. घरच्यांना आनंद झाला, मलाही व्हायला हवा होता. आपल्या मुलखात, आपल्या भाषेत. आज इथं चाकणला सगळे मराठी बोलतात, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत, आणि मी बाजारातून येता येता कान देऊन ऐकत असते. कुणी हिंगड म्हणत नाही. ते गोदाम नंतर बंद झालं असं सेंदिलनं फोनवर सांगितलं, आणि राव सार मुलाबरोबर कोइंबतूरला गेल्याचं कुणीतरी त्याला म्हणालं होतं. त्याच्यापुढं मला काही माहीत नाही. विचारायला अप्पांचा नंबर होता, तो लागत नाही.

शेवटच्या रविवारी मी जाणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. नीलानं सगळ्यात अवघड रस्ता घेतला होता, पत्र्याजवळ भिंत बाहेर झुकते तो. दोनदा सुटली, दोनदा लटकली, दोन्ही वेळा अप्पांनी माझ्या आधी आवळलं. तिसऱ्यांदा ती वर पोचली. तिनं पत्र्याला थाप मारली आणि मागं रेलली, आणि अप्पांनी तिला खाली सोडलं, हळू, एका गतीनं, झाडावरून कोळी उतरतो तशी.

तिचे पाय गादीला लागले. तिनं गाठ सोडली, हातांना चोळलेली खडूची पूड चड्डीला पुसली आणि मैत्रिणींकडे पळाली. त्या वयाची पोरं जातात तशी, मागं न बघता.

दोरीच्या त्या टोकाला आता कुणी नव्हतं. अप्पा अजून वर बघत होते. उजवा हात दोरीवर आवळलेला, अगदी स्थिर. त्यांनी ती सोडली नाही. बाहेर आमचे हे रिक्षा थांबवून हाका मारत होते, गाडीची वेळ झाली होती. मी टोक धरून त्यांच्या मागं उभी राहिले.